चष्मा नवा, तरी मोबाइल पुन्हा नाकाशी: मायनस नंबर असणाऱ्यांनी स्क्रीनचं अंतर कसं दुरुस्त करावं

तक्रार नेहमीची आहे. नंबर तपासला, नवा चष्मा आला, आठ-दहा दिवस बरं वाटलं. मग पुन्हा संध्याकाळी कपाळ जड, रस्त्यापलीकडच्या पाट्या धूसर, आणि मोबाइल सरकत सरकत एका वितीवर आलेला. घरचे म्हणतात, नंबर वाढला. दुकानात जाऊन पाव-अर्धा नंबर वाढवून घेतला जातो, पुन्हा आठ दिवस बरे जातात आणि तक्रार परत उभी राहते. महाविद्यालयात जाणारी मुलं, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणारे, दिवसभर लॅपटॉपवर काम करणारे, सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच.

अशा वेळी नंबरआधी अंतर तपासा. ते घरी, फुकट आणि दहा मिनिटांत तपासता येतं. वाढीव नंबराचा चष्मा एकदा डोळ्यावर चढला की तो उतरवणं मात्र जड जातं.

आधी टेप घ्या

शिलाईचा टेप चालतो. स्वतःचं स्वतः मोजू नका, टेप हातात घेतला की माणूस आपोआप ताठ बसतो. नेहमीसारखं बसा, मोबाइल बघायला लागा आणि दहा मिनिटांनी घरातल्या कुणाला तरी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर घ्यायला सांगा. पहिल्या मिनिटाचं आणि दहाव्या मिनिटाचं माप वेगळं येतं, आणि खरं माप दहाव्या मिनिटाचं. असं चार वेळा करा: बसून मोबाइल, आडवं पडून मोबाइल, लॅपटॉप किंवा मॉनिटर, आणि वही-पुस्तक. आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे लागतील.

आता हिशोब. १०० ला सेंटीमीटरमधल्या अंतराने भागा. जो आकडा येतो तेवढा जोर डोळ्यातल्या भिंगाला त्या अंतरावर फोकस करण्यासाठी लावावा लागतो, आणि त्याचं एकक चष्म्याच्या नंबराचंच असतं. ६० सेंमीवर १.६७, ४० वर २.५०, ३० वर ३.३३, २० वर ५. म्हणजे मोबाइल ४० वरून २० वर आणला की काम दुप्पट झालं. चष्म्याचा नंबर अगदी बरोबर असला तरी हे काम डोळ्यालाच करावं लागतं. चष्मा फक्त लांबचं जागेवर आणून देतो.

मोठ्या माणसाने बसून मोबाइल ३५ ते ४० सेंमीवर, लॅपटॉप ५० ते ६५ वर आणि वेगळा मॉनिटर ६० ते ७० वर ठेवावा. टेप नसेल तर मूठ गालावर टेकवा आणि कोपर स्क्रीनपर्यंत पोचतंय का पाहा. कोपरापासून मुठीपर्यंतचं हे अंतर मोबाइल-पुस्तकासाठी कमीत कमी समजावं. लहान मुलाचा हात लहान, म्हणून त्याचं मापही थोडं कमी येतं, पण ३० च्या खाली जाऊ देऊ नका.

आणखी एक माप चष्मा काढून घ्या. एक डोळा हाताने झाका, वर्तमानपत्रातला बारीक मजकूर जवळून हळूहळू लांब न्या आणि अक्षरांच्या कडा पहिल्यांदा विरघळतात तिथे थांबा. १०० भागिले ते अंतर म्हणजे त्या डोळ्याचा अंदाजे मायनस नंबर. ४० सेंमीवर धूसर झालं तर अडीचच्या आसपास, २५ वर झालं तर चार. सिलिंडर नंबर (चष्म्याच्या कागदावर CYL खाली लिहिलेला, ठरावीक दिशेतल्या धूसरपणाचा) मोठा असेल तर हे माप नीट येत नाही, आणि यावरून चष्मा करायचा नाहीच. पण दुकानात मिळालेला नंबर आणि हे माप यांत एकदीड नंबरचा फरक दिसला, तर पुन्हा नीट तपासणी करून घ्यायला सबळ कारण आहे.

मोबाइल लांब धरला तरी परत जवळ येतो

हात दुखतो म्हणून जवळ येतो असं वाटतं. बहुतेकदा अक्षर लहान असतं म्हणून येतो.

निरोगी किंवा योग्य चष्मा लावलेल्या डोळ्याला ४० सेंमीवर जेमतेम ओळखू येणारं अक्षर साधारण ०.६ मिलिमीटर उंच असतं. जेमतेम ओळखणं वेगळं आणि तासभर वाचणं वेगळं. सलग वाचायचं तर त्याच्या तिप्पट, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर तरी हवं. देवनागरीत जोडाक्षरं, रफार, रुकार अक्षराच्या पोटात आणि वर-खाली दाटीने बसतात, त्यामुळे शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत दोन ते अडीच मिलिमीटर धरावेत. मॉनिटर ६० सेंमीवर असेल तर तीन ते साडेतीन. शाळेची पट्टी सरळ स्क्रीनवर ठेवून मोजा. पुष्कळ मोबाइलवर हे माप दीडच्याही खाली भरतं, आणि मोबाइल जवळ का येतो ते तिथेच कळतं.

सगळ्यात जास्त त्रास नोट्सच्या पीडीएफचा. ए-फोर कागद २१ सेंमी रुंद, उभ्या धरलेल्या मोबाइलची स्क्रीन ७ सेंमीच्या आसपास. पान एक तृतीयांश होतं. कागदावर ३ मिलिमीटरचं अक्षर स्क्रीनवर १ मिलिमीटर उरतं, आणि १ मिलिमीटरचं अक्षर तिप्पटीच्या हिशोबाने वाचायचं तर मोबाइल २३ सेंमीवर आणावा लागतो. मुलगा जाणूनबुजून जवळ धरत नसतो, अक्षरच त्याला ओढून आणतं. मोबाइल आडवा करा: रुंदी १५ सेंमी झाली की तेच अक्षर २.१ मिलिमीटर होतं आणि ४० सेंमीवरून वाचता येतं. ओळ वाचताना पान उजवीकडे-डावीकडे सरकवावं लागू नये एवढंच बघा, नाहीतर कंटाळून माणूस पुन्हा उभा धरतो. रोज तीन-चार तास पीडीएफ वाचायच्या असतील तर दहा इंची टॅब नाहीतर सरळ झेरॉक्स, यावर काटकसर करू नये.

बाकी बदल सोपे. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या डिस्प्लेमध्ये फॉन्ट साइज आणि डिस्प्ले साइज असे दोन वेगळे पर्याय असतात, दोन्ही एकेक पायरी वाढवा. व्हॉट्सॲपचं अक्षर त्याच्याच सेटिंग्जमध्ये, चॅट्सखाली, लार्ज करता येतं. विंडोजच्या लॅपटॉपवर स्केल १२५ किंवा १५० टक्के. ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून अधिकचं बटण. फेस आयडी असलेल्या आयफोनवर आयओएस १७ पासून स्क्रीन टाइममध्ये स्क्रीन डिस्टन्स नावाची सोय आहे: मोबाइल बराच वेळ साधारण १२ इंचांपेक्षा जवळ राहिला की स्क्रीन झाकून लांब धरायला सांगते. मुलांच्या हातात असा फोन जात असेल तर ती चालू ठेवाच.

उजेडही पाहा. मोबाइलशेजारी पांढरा कागद ठेवा. स्क्रीन कागदापेक्षा झगझगीत दिसली तर ब्राइटनेस कमी करा, मळकट दिसली तर वाढवा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं पुष्कळांना आवडतात. पण सिलिंडर नंबर असणाऱ्यांना त्या पांढऱ्या अक्षरांभोवती सावली पसरलेली दिसते, कारण अंधारात बाहुली मोठी होते आणि डोळ्याचा दोष उघडा पडतो. वाचनासाठी पांढरी पार्श्वभूमी आणि कमी ब्राइटनेस बरा. भर दुपारी शेतात केळीचा भाव बघायला मोबाइल काढला की काही दिसत नाही आणि तो डोळ्याजवळ येतो. तिथे ब्राइटनेस पूर्ण करून झाडाखाली उभं राहणं एवढंच करायचं.

एका ठिकाणी मात्र दुरुस्ती चालत नाही. उन्हाळ्यात धाब्यावर (घराच्या मातीच्या सपाट छतावर) किंवा गच्चीवर अंथरूण टाकलं, भोवती अंधार, माणूस कुशीवर, मोबाइल उशीला टेकलेला: अंतर पंधरा ते वीस सेंमी, म्हणजे पाच ते साडेसहाचा जोर. त्यातही एक डोळा उशीत अर्धा दबलेला. उताणं झोपून धरलं तर हात थकतो आणि पाच मिनिटांत मोबाइल खाली येतो. ही सवय सोडायचीच. ऐकण्यासारखं असेल तर स्पीकर लावून मोबाइल बाजूला ठेवा, बघायचंच असेल तर कठड्याला पाठ टेकवून बसा.

सकाळी लांबचं दिसतं, संध्याकाळी दिसत नाही

नवा चष्मा लावून सकाळी उठल्यावर, मोबाइल हातात घ्यायच्या आधी, दारातून दिसणारी दुकानाची पाटी वाचा. सर्वांत लहान कोणती ओळ वाचता आली ते लक्षात ठेवा. तीच पाटी संध्याकाळी, उजेड असतानाच, काम संपल्यावर वाचा. सकाळी स्वच्छ आणि संध्याकाळी धूसर असेल तर डोळ्यातला फोकस करणारा स्नायू जवळच्या कामावर आवळून राहिलाय, सुटायला वेळ घेतोय. सकाळीही तितकंच धूसर असेल तर नंबराकडे वळायला हरकत नाही. असं तीन-चार दिवस करा, त्यातला एक दिवस सुट्टीचा असावा.

याच आवळलेल्या अवस्थेत संध्याकाळी सहा वाजता कामावरून परस्पर दुकानात जाऊन नंबर काढला, तर मशीन आणि माणूस दोघंही जास्त मायनस दाखवतात. जास्त मायनसमधून अक्षरं काळी, कोरीव आणि किंचित लहान दिसतात, म्हणून ‘हे जास्त छान’ असं तोंडून निघतं. तरुण डोळा तो जादा अर्धा नंबर फोकसच्या जोरावर पचवतो. पण मग ४० सेंमीवर अडीचऐवजी तीनचं काम, आणि तेही दिवसभर. डोकेदुखी तिथून सुरू होते.

म्हणून तपासणीला सकाळी जा, तास-दीड तास आधी मोबाइल बंद ठेवा. तपासताना लाल-हिरव्या पट्ट्यांवरची अक्षरं दाखवतात. हिरव्यातली स्पष्टपणे जास्त काळी दिसत असतील तर तसं सांगा, मायनस जास्त झाल्याची ती खूण आहे. लहान मुलांचा आणि विशीच्या आतल्यांचा नंबर थेंब घालून, स्नायू सैल करूनच काढावा. जिल्ह्याच्या गावाला मुलाला यासाठी न्यायचं असेल तर आधी विचारून जा. सायक्लोपेंटोलेटच्या थेंबांनंतर साधारण दिवसभर, होमाट्रोपिननंतर एक ते तीन दिवस आणि ॲट्रोपिननंतर आठवडाभर किंवा जास्तही जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात. परीक्षेच्या आठवड्यात हे करू नका. मोठ्या माणसाने थेंब घातल्यावर स्वतः मोटारसायकल चालवत चोपड्याला किंवा शहाद्याला परत जाऊ नये, सोबत कुणीतरी असावं.

दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघण्याचा नियम सगळ्यांना पाठ असतो, पाळला जात नाही. त्याचं एक कारण म्हणजे खोलीत वीस फूट नसतातच. त्याची काळजी सोडा. सहा मीटरवर डोळ्याला ०.१७ जोर लागतो आणि तीन मीटरवर ०.३३. मोबाइलच्या अडीच-तीनपुढे हा फरक नगण्य. दहा फुटांवरची भिंत पुरते. खरी अडचण अभ्यासिकेत होते: कप्प्यांच्या टेबलाला समोर आणि दोन्ही बाजूंना फळ्या, मान वर केली तरी नजर दोन फुटांवर अडते. अशा ठिकाणी पॅसेजकडची किंवा खिडकीकडची जागा धरा, नाहीतर दर अर्ध्या तासाला उठून पाण्याच्या माठापर्यंत जाऊन या आणि दाराबाहेर पाहा.

चष्मा काढला की जास्त बरं वाटतं

वाटणारच. मायनस तीनच्या डोळ्याला चष्म्याशिवाय ३३ सेंमीवर काहीही जोर न लावता दिसतं. मोठ्या माणसाने एक ते तीन नंबराला चष्मा काढून मोबाइल वाचला तर डोळ्याचं काही बिघडत नाही. अडचण त्यापुढे आहे. मायनस पाचला चष्म्याशिवाय वाचायचं तर मोबाइल २० सेंमीच्या आत लागतो. फोकसचा जोर वाचला तरी दोन्ही डोळे आतल्या बाजूला फार वळवावे लागतात आणि भुवयांमध्ये दुखायला लागतं, कधी अक्षर दोन दिसतं. चारच्या पुढे चष्मा लावून ३५-४० सेंमीवर वाचणं चांगलं. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील, समजा उजवा दीड आणि डावा चार, तर चष्मा काढल्यावर वाचताना एकच डोळा काम करतो. हे रोज तासन् तास करू नका.

जळगावच्या सराफ्यात बारीक काम करणारे कारागीर चष्मा काढून पंधरा-वीस सेंमीवर तासन् तास काम करतात. काम तसंच आहे, बदलता येत नाही. पण काम संपल्यावर चष्मा चढवून मोबाइलही त्याच अंतरावर धरायची सवय लागते, ती तोडावी. पंधरा-वीस सेंमी चष्म्याशिवाय वेगळं आणि चष्म्यातून वेगळं.

मिचकावलं की साफ दिसतं

धूसर झाल्यावर सावकाश चार वेळा डोळे मिटा-उघडा. दिसणं लगेच सुधारत असेल आणि थोड्या वेळाने पुन्हा बिघडत असेल तर नंबराचा दोष नाही, डोळ्यावरचा अश्रूंचा थर सुकतोय. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतात, स्क्रीनसमोर ते निम्म्याहून खाली येतं आणि पुष्कळदा पापणी अर्धीच मिटते. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ ला जातो, कूलर दिवसभर चालू आणि त्याचा झोत नेमका टेबलावर बसलेल्याच्या तोंडावर. कूलरची पट्टी वर किंवा बाजूला वळवा, हवा पाठीमागून किंवा डोक्यावरून जाऊ द्या. पंख्याखाली बसत असाल तर टेबल तीन-चार फूट सरकवा. मॉनिटरची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा थोडी खाली ठेवा: नजर खाली असली की डोळा कमी उघडा राहतो, कमी सुकतो.

एवढं करूनही चुरचुरत असेल तर कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. मेडिकलमधून ‘डोळे लाल झालेत’ एवढं सांगून मिळणारे थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर काही आठवडे-महिने घालत राहिल्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो.

निळ्या प्रकाशाच्या काचेवर वेगळे पैसे घालायची गरज नाही. वैद्यकीय संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात स्क्रीनमुळे डोळे थकणं या काचांनी कमी होत असल्याचं आढळलं नाही. ते पैसे चांगल्या फ्रेमवर आणि अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगवर घाला.

चष्मा घसरतो, काचेचा मध्य चुकतो

उन्हाळ्यात घामाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो. मायनस काच डोळ्यापासून लांब गेली की तिचा परिणाम कमी होतो. मायनस चारला पाच मिलिमीटर घसरला तर फरक ०.०८, जाणवत नाही. मायनस आठला तेच पाच मिलिमीटर ०.३ च्या आसपास कमी करतात, आणि लांबचं धूसर व्हायला एवढं पुरतं. जास्त नंबरवाल्यांनी ‘नंबर वाढला’ म्हणण्याआधी चष्मा बोटाने नाकावर नीट वर ढकलून पाहावा. साफ दिसलं तर दुकानात जाऊन ‘भाऊ, काड्या आवळा आणि नोज पॅड बदला’ एवढंच सांगायचं.

दुसरा दोष काचेच्या मध्याचा. दोन बाहुल्यांमधलं अंतर, दुकानात त्याला पीडी म्हणतात, न मोजता अंदाजाने काच बसवली तर काच प्रिझमसारखी वागते, म्हणजे चित्र बाजूला सरकवते. मायनस पाचच्या काचेचा मध्य चार मिलिमीटर सरकला तर दोन प्रिझम डायॉप्टरचा (हे त्या सरकण्याचं एकक) दोष तयार होतो. लक्षणं अशी: नंबर बरोबर, दोन्ही डोळे वेगवेगळे तपासले तर साफ, पण दोन्ही मिळून वाचताना ओढल्यासारखं होतं. चष्मा घेताना पीडी कागदावर लिहून मागा. ऑनलाइन मागवलेल्या चष्म्यात हा दोष जास्त दिसतो.

चाळिशीनंतर

मायनसवाल्यांची चाळिशी उशिरा आल्यासारखी वाटते, कारण चष्मा काढला की वाचता येतं. याच वयात लेन्स लावायला सुरुवात केली किंवा लेसर करून नंबर घालवला की वाचायला अचानक अडतं, आणि दोष लेन्सवर जातो. कारण प्रकाशशास्त्रातलं आहे. मायनस सहाच्या चष्म्यातून ३३ सेंमीवर बघायला डोळ्याला साधारण २.५ जोर लागतो, त्याच डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्समधून २.९. विशीत हा फरक कळत नाही, अडतिसाव्या-चाळिसाव्या वर्षी कळतो.

प्रोग्रेसिव्ह काच (लांबचं, मधलं आणि जवळचं एकाच काचेत) लावून मॉनिटरसमोर बसणाऱ्यांची मान दुखते. मधल्या अंतराची पट्टी काचेत खाली असते, म्हणून हनुवटी वर करून बघावं लागतं. आधी मॉनिटर खाली घ्या: स्टँड काढा, वरची कड डोळ्याच्या रेषेच्या दहा सेंमी तरी खाली येऊ द्या. त्याने भागलं नाही तर कामासाठी वेगळा चष्मा करा. समजा लांबचा मायनस ४ आणि वाचनाचा जादा नंबर प्लस २ आहे. ६५-७० सेंमीवरच्या मॉनिटरसाठी साधारण मायनस ३ ची साधी काच सोयीची पडते. नेमका आकडा तपासून काढावा लागतो, त्यासाठी तुमचं मॉनिटरचं मोजलेलं अंतर सांगा. हा चष्मा लावून गाडी चालवायची नाही, तो टेबलावरच राहू द्या.

मुलांच्या बाबतीत नियम कडक

मोठ्यांना अंतर चुकलं तर डोकं दुखतं. वाढत्या वयाच्या मुलाचा नंबरच वाढत असतो: डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांब होतो आणि लांब झालेला परत आखूड होत नाही. डोळ्यांच्या व्यायामाने, गाजराने, चष्मा न लावल्याने तो नंबर उतरत नाही. ‘मुद्दाम कमी नंबर देऊ म्हणजे वाढणार नाही’ हा सल्ला अजून दिला जातो. मलेशियात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वेगाने वाढला. पूर्ण नंबर द्या आणि डॉक्टरांनी पूर्ण वेळ सांगितला असेल तर पूर्ण वेळ घालू द्या. आबा-आजीला ‘एवढ्याशा पोराला चष्मा’ याचं वाईट वाटतं, त्यांनाही हे समजावून सांगा.

ऑनलाइन शिकवणी मोबाइलवर हातात धरून बघू देऊ नका. टीव्हीवर टाका: केबलने किंवा स्क्रीन कास्टने. ३२ इंची टीव्ही दोन मीटरवरून बघायला डोळ्याला अर्धा नंबर जोर लागतो, हातातल्या मोबाइलला २५ सेंमीवर चार. तासभराच्या एकाच शिकवणीत एवढा फरक. मूल टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसत असेल तर रागावण्याआधी चष्मा आणि नंबर तपासा.

सलग वेळही मोजा. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी मायोपिया अभ्यासात ३० सेंमीपेक्षा जवळून आणि सलग ३० मिनिटांहून जास्त वाचणाऱ्या मुलांमध्ये मायनस नंबर जास्त आढळला. पुस्तक आणि मोबाइल दोन्हींना हे लागू. मोबाइल काढून घेतला आणि मूल पोटावर झोपून वीस सेंमीवर गोष्टीचं पुस्तक वाचत राहिलं तर काही साधलं नाही. जमिनीवर बसून पलंगावर किंवा पाटावर वही ठेवून लिहिणारी मुलं पंधरा-वीस सेंमीपर्यंत वाकतात. ४५ सेंमी खोल फळी घ्या, मागची कड १५ सेंमी उचला. साधारण वीस अंशांचा उतार मिळतो आणि मान आपोआप वर येते. कुठलाही सुतार हे तासाभरात करून देतो. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाच्या वर नको, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं आहे.

बाहेरचा उजेड हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर ठेवलं. तीन वर्षांत नव्याने मायनस नंबर लागण्याचं प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिलं, असा २०१५ चा निष्कर्ष आहे. रोज दोन तासांचं लक्ष्य ठेवा. ज्याला नंबर लागलेला नाही त्याला याचा फायदा जास्त, लागलेल्यालाही बाहेर जाऊ द्यावंच.

खानदेशात प्रश्न येतो तो उन्हाचा. मार्च ते जून दुपारी मुलाला बाहेर काढणं शक्य नाही आणि काढूही नये. पण यासाठी ऊन अंगावर घ्यावं लागत नाही. घरातल्या ट्यूबलाइटखाली दोन-चारशे लक्स (उजेडाचं एकक) मिळतात, कडुनिंबाच्या सावलीत कित्येक हजार. सकाळी शाळेआधी तासभर आणि साडेपाचनंतर दिवस मावळेपर्यंत, टोपी घालून, सावलीत खेळलं तरी चालतं. दिवाळीपासून होळीपर्यंत तर दिवसभर कधीही. ओट्यावर बसून मोबाइल बघणं यात धरू नका.

यानंतरही नंबर वर्षाला अर्ध्यापेक्षा जास्त वाढत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना वाढ रोखण्याच्या उपचारांबद्दल विचारा: कमी मात्रेचे ॲट्रोपिन थेंब, मुलांसाठीच्या खास काचा, रात्री लावायच्या कडक लेन्स. यांनी वाढीचा वेग कमी होतो, पण नंबर जात नाही. थेंब स्वतःहून सुरू किंवा बंद करू नयेत. तपासणी दर सहा महिन्यांनी.

घरगुती दुरुस्ती कुठे थांबवायची

डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा जाळी वाढली, कडेला विजेसारखे चमकारे दिसले, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरांकडे जा. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. मायनस सहाच्या वर असणाऱ्यांनी तक्रार नसली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. लेसरने नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते, त्यामुळे हे त्यांनाही लागू. तिशी-चाळिशीत नंबर काही दिवसांतच वर-खाली होत असेल तर आधी रक्तातली साखर तपासा, साखर वाढली की तात्पुरता मायनस येतो. आणि मूल सतत डोळे चोळत असेल, सिलिंडर नंबर दर तपासणीला बदलत असेल, तर बुबुळ पातळ होऊन पुढे येण्याचा आजार आहे का ते पाहण्यासाठी बुबुळाचा नकाशा काढायला सांगा. धूळ आणि कोरडी हवा असलेल्या आपल्या भागात ॲलर्जीने डोळे चोळणारी मुलं पुष्कळ आहेत.

यापैकी काही नसेल तर अक्षर, उजेड, बैठक आणि फ्रेम यांत वरचे बदल करून दोन आठवडे थांबा, मग पुन्हा टेप लावा. तक्रार तरीही राहिली तर सकाळच्या वेळी तपासणीला जा. सोबत जुना आणि नवा दोन्ही चष्मे, आधीचे नंबर लिहिलेले कागद आणि मोजलेली चारही अंतरं न्या. नवा नंबर चाचणीच्या फ्रेममध्ये बसवून मागा, तो डोळ्यावर ठेवून दहा-पंधरा मिनिटं तुमचाच मोबाइल तुमच्याच अंतरावर वाचा आणि मगच काच करायला सांगा.